भाड्याच्या घरांचे तास सगळे मोजतात, नोकरीचे कोण मोजणार?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतलं जोडपं. नवरा आयटीत पूर्णवेळ, बायको (पुढे त्यांना वहिनी म्हणतो) एका हॉस्पिटलच्या फार्मसीत तासावर, आठवड्याला साधारण बावीस तास. पेनसिल्व्हेनियात भाड्याने दिलेली पाच युनिट्स आहेत, त्यांचं सगळं वहिनीच बघतात. २०२२ च्या रिटर्नमध्ये वहिनींना ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ दाखवून ६१,००० डॉलरचा तोटा नवऱ्याच्या पगारातून वजा केला. आता ऑडिट लागलंय. ऑडिटर म्हणतो, डब्ल्यू-२ वर, म्हणजे मालकाने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर, ७४,४०० डॉलर दिसतात, म्हणजे नोकरी पूर्णवेळच असणार. नसेल तर सिद्ध करा. घरांच्या कामाची डायरी १,३१० तासांची आहे. प्रश्नकर्ते विचारतात, “७५० तास लागतात, आमचे त्याहून कितीतरी जास्त आहेत. मग नोकरीच्या तासांशी यांना काय करायचंय?”

करायचंय, कारण अटी दोन आहेत आणि ७५० ही त्यातली सोपी.

१९८६ च्या कायद्याने कलम ४६९ आणलं आणि भाड्याच्या घरांचा तोटा सरसकट ‘पॅसिव्ह’ ठरवला, म्हणजे पगारातून वजा करायची सोय बंद. ज्यांचं पोटच या धंद्यावर त्यांच्यासाठी १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, एक दार उघडलं, ते १९९४ च्या करवर्षापासून लागू झालं. त्या दारातून आत जायला वर्षात ७५० पेक्षा जास्त तास रिअल इस्टेटच्या धंद्यात द्यावे लागतात. शिवाय त्या व्यक्तीने वर्षभरात जे काही काम केलं, नोकरी, धंदा सगळं मिळून, त्यातलं निम्म्याहून जास्त याच धंद्यातलं असावं लागतं. दोन्ही अटी नवरा-बायकोपैकी एकाच माणसाने एकट्याने पूर्ण करायच्या. इथे दोघांचे तास एकत्र होत नाहीत. (प्रत्येक घराच्या कामात ‘मटेरियल पार्टिसिपेशन’, म्हणजे नियमित आणि भरीव सहभाग, आहे का, ही चाचणी वेगळी, तिथे जोडीदाराचे तास धरता येतात. या दोन गोष्टींची सरमिसळ मी वर्षातून दहा वेळा निस्तरतो.)

म्हणजे वहिनींनी नोकरीत १,१०० तास काम केलं असेल, तर त्यांच्यासाठी खरा आकडा ७५० नाही, १,१०० च्या वरचा आहे. आणि ऑडिटर धरतोय तसे नोकरीचे २,०८० तास असतील, म्हणजे बावन्न आठवडे गुणिले चाळीस, तर १,३१० ची डायरी सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली असली तरी उपयोग नाही. लोक डायरीमागे रात्री जागवतात आणि नोकरीचा आकडा ऑडिटरच्या अंदाजावर सोडतात. माझ्या अनुभवात अशा केसेस जास्त करून या दुसऱ्याच आकड्यावर पडतात. गंमत म्हणजे सिद्ध करायला तोच सोपा, कारण त्याचे कागद तिऱ्हाईताने बनवलेले असतात.

आधी वहिनींचा डब्ल्यू-२ उलगडू. डब्ल्यू-२ वर तास कुठेच लिहिलेले नसतात, फक्त पैसे असतात. म्हणून ऑडिटर पैशांवरून तासांचा अंदाज बांधतो, आणि आपणही घाईत तेच करतो: ७४,४०० भागिले ६० डॉलर तासाचा दर, झाले १,२४० तास. हा आकडा चुकीचा आहे आणि तुमच्याच विरुद्ध चुकीचा आहे.

पहिली गोष्ट, भागाकार कुठल्या चौकटीवरून केला? चौकट १ मधून ४०१(के) ची, म्हणजे निवृत्तीच्या खात्यात करापूर्वी टाकलेली, रक्कम आधीच वजा झालेली असते, चौकट ५ मधून होत नाही. प्री-टॅक्स आरोग्य विमा मात्र बहुतेक वेळा दोन्हीतून गेलेला असतो. तुम्ही दिलेले ७४,४०० हे चौकट ५ चे आहेत आणि विमा तुमच्या कंपनीकडून आहे, त्यामुळे इथे तो गुंता नाही. दुसरी गोष्ट, त्या रकमेत काय काय आहे? तुम्ही पाठवलेल्या डिसेंबरच्या शेवटच्या पे-स्टबवर (पगाराच्या चिठ्ठीवर) वर्षभराच्या बेरजा आहेत, तिथेच सगळं दिसतं. साठ तासांची पगारी रजा, म्हणजे ३,६०० डॉलर. संध्याकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या पाळीचा जादा भत्ता २,१६० डॉलर. हे पैसे जादा आहेत, तास जादा नाहीत. एकरकमी रिटेन्शन बोनस ३,००० डॉलर; त्यामागे एकही तास नाही. हे सगळं काढलं की उरतात ६५,६४०, भागिले ६०, म्हणजे १,०९४ तास.

१,२४० आणि १,०९४ मध्ये १४६ तासांचा फरक आहे. तुमच्या केसमध्ये एवढ्यावरच निकाल लागू शकतो, आणि का ते डायरीकडे वळलो की कळेल.

रजेचे तास काढायला आधार आहे. नियमात ‘पर्सनल सर्व्हिसेस’ची व्याख्या प्रत्यक्ष केलेलं काम अशी आहे. समुद्रावर बसून घेतलेला पगार हे काम नव्हे. तोच न्याय ऑन-कॉलला लावून बघा. २०१० मध्ये टॅक्स कोर्टापुढे न्यूक्लियर पॉवर प्लांटमध्ये नोकरी करणाऱ्या एका करदात्याची केस होती. त्याचे भाड्याच्या घरांवरचे तास ७५० ला कमी पडत होते, म्हणून ‘भाडेकरूंसाठी मी कायम तयारीत असायचो’ तेही तास धरा असं त्याचं म्हणणं. कोर्टाने धरले नाहीत. तयारीत असणं म्हणजे काम करणं नव्हे. हा निकाल बहुतेक जण भीतीने वाचतात. मी तो उलट बाजूनेही वापरतो: फार्मसीत वहिनींना घरी बसून ऑन-कॉल राहण्याचे किरकोळ पैसे मिळत असतील, तर तेही तास त्याच तर्काने नोकरीत धरायचे नाहीत. फोन आला आणि त्या गेल्या, ते तास मात्र धरायचे.

आणि इथे प्रामाणिक राहायचं. घड्याळात न आलेलं काम, घरून संपवलेली नोंदणी, सक्तीचं ट्रेनिंग हे नोकरीतलंच आहे. तुम्हीच दहा-पंधरा तास स्वतःहून वाढवून दाखवलेत की बाकीच्या कागदावर ऑडिटरचा विश्वास बसतो. घरून नोकरीवर जायचा-यायचा वेळ मी धरत नाही.

अजून एक बारीक गोम. डब्ल्यू-२ चालतो पगार मिळाल्याच्या तारखेवर आणि तुमची चाचणी चालते काम केल्याच्या तारखेवर. डिसेंबर २०२१ च्या शेवटच्या पंधरवड्याचा पगार जानेवारी २०२२ मध्ये मिळाला असेल तर ते तास २०२२ चे नाहीत. उलट डिसेंबर २०२२ चे तास पुढच्या वर्षीच्या पहिल्या स्टबवर सापडतील. म्हणून सव्वीस नाही, सत्तावीस पे-स्टब काढा.

आता पुरावा कुठून आणायचा. पे-स्टब एचआर पोर्टलवरून आजच उतरवून घ्या. नोकरी सुटली की पोर्टल बंद होतं, मग आपल्याच कागदासाठी ईमेल करत बसावं लागतं. पे-स्टबपेक्षा वरचढ म्हणजे हजेरीच्या घड्याळाचा पंच रिपोर्ट: दिवस, आत येण्याची वेळ, जाण्याची वेळ, जेवणाची सुट्टी. तासावर काम करणाऱ्यांच्या तासांची नोंद ठेवणं फेडरल कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, पण पगाराची नोंद तीन वर्षं आणि टाइम कार्ड दोनच वर्षं ठेवावी लागतात. २०२२ चे पंच त्यांनी अजून ठेवले असतील तर ती मेहरबानी समजा आणि लगेच मागा.

त्यासोबत एचआरचं पत्र. “सदर व्यक्ती आमच्याकडे पार्ट-टाइम आहे” असलं एका ओळीचं पत्र घेऊन येऊ नका, ते कागद वाया घालवतं. पत्रात २०२२ हे वर्ष हवं, पदाचा प्रकार हवा, ठरलेला एफटीई, म्हणजे पूर्णवेळच्या तुलनेत हिस्सा, हवा (०.५ किंवा ०.६, जो असेल तो), प्रत्यक्ष काम केलेले तास वेगळे आणि पगारी रजेचे तास वेगळे हवेत, आणि हे कुठल्या नोंदीवरून काढलं तेही हवं. एचआरवाले बहुतेक वेळा मसुदा मागतात, तो आपणच लिहून द्यायचा. आकडे त्यांचे त्यांनी भरायचे. उद्या टॅक्स कोर्टात जायची वेळ आली तर नुसतं पत्र ‘ऐकीव’ म्हणून बाजूला पडू शकतं. म्हणून पंच रिपोर्टसोबत, नोंदी सांभाळणाऱ्या माणसाचं, ‘या धंद्याच्या नेहमीच्या ओघात ठेवलेल्या नोंदी आहेत’ असं प्रमाणपत्र आत्ताच घ्या. मग साक्षीला एचआरची बाई आणावी लागत नाही.

एक कागद लोकांच्या लक्षातच येत नाही: १०९५-सी. मोठ्या मालकांना कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्यासाठी तो भरावा लागतो आणि त्यात आठवड्याला सरासरी तीस तास ही पूर्णवेळची रेघ आहे. वहिनींच्या फॉर्मवर सोळाव्या ओळीत ‘२बी’ कोड असेल तर त्याचा अर्थ त्या महिन्यात पूर्णवेळ नाही. हे मालकानेच आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, कळवलेलं आहे, म्हणजे ऑडिटरच्या स्वतःच्या घरातला कागद. अर्थात आरोग्य विम्याच्या त्या कायद्यात तास मोजायचे कालखंड वेगळे असतात, म्हणून हा जोडपुरावा. त्यावर सगळा डोलारा उभा करू नका.

हे वाचणाऱ्या आयटीतल्या मंडळींसाठी थोडं विषयांतर. महिन्याच्या ठरावीक पगारावर असाल तर तुमचे तास मोजायचं बंधन मालकावर नाही, आणि “मी काम आठवड्याला पंचवीस तासांतच उरकायचो” हे वाक्य मी ऑडिटरसमोर बोलू देत नाही. ऑफर लेटरवर चाळीस तास लिहिलेत. क्लायंटच्या टाइमशीटमध्ये दर शुक्रवारी तुम्हीच चाळीस भरलेत, त्यावर बिल गेलंय. एच-१बी वर असाल तर तुमच्या मालकाने पिटिशनमध्ये पद पूर्णवेळचं सांगितलंय. एका खात्याला पूर्णवेळ आणि दुसऱ्या खात्याला अर्धवेळ सांगणं किती महागात पडेल याचा हिशोब करा. शिवाय एच-१बी वर असताना स्वतःच्या धंद्यात शेकडो तास काम केलं असं लेखी देणं हा इमिग्रेशनचा वेगळा प्रश्न आहे. तो त्या वकिलाला विचारल्याशिवाय रिटर्नवर काही टाकू नका. सुट्ट्या आणि रजा काढून पूर्णवेळ नोकरीचे १,८८० तास धरले, तरी त्याच्या वर घरांसाठी द्यायचे म्हणजे नोकरीशिवाय आठवड्याला छत्तीसहून जास्त तास, बावन्नही आठवडे. कागदावर शक्य आहे. कोर्टाला पटवणं जवळपास अशक्य.

तास फक्त नोकरीच्याच कागदावर असतात असंही नाही. घरकर्जाच्या अर्जात वहिनींची नोकरी कशी लिहिली होती? बँकेला पूर्णवेळ आणि आयआरएसला बावीस तास असं असेल तर आधी मला सांगा, ऑडिटरकडून कळायला नको. त्यांच्या व्यावसायिक प्रोफाइलवर ‘फुल टाइम’ लिहिलेलं असेल तर तेही बघून ठेवा, ते पाहायला एक क्लिक पुरते.

आता डायरी. नियम बऱ्यापैकी दयाळू आहे. रोजच्या रोज लिहिलेली वही लागतेच असं नाही. ‘कुठल्याही वाजवी मार्गाने’ तास दाखवता येतात, अपॉइंटमेंट बुक, कॅलेंडर, वर्णनात्मक गोषवारा चालतो. पण हाच नियम वाचून लोक सैल सुटतात, आणि मग टॅक्स कोर्टाच्या निकालात तो प्रसिद्ध शब्द येतो, ‘बॉलपार्क गेस्टिमेट’. नंतर बसून अंदाजपंचे लिहिलेले तास कोर्ट मानत नाही. तुमची डायरी ऑडिटचं पत्र आल्यावर लिहिलेली आहे. ते लपवू नका. वरच स्पष्ट लिहा की पावत्या, मेसेज आणि टोलच्या नोंदींवरून हा गोषवारा अमुक तारखेला तयार केला. नव्या कोऱ्या वहीत एकाच निळ्या पेनने बारा महिने लिहून ‘तेव्हाच लिहिली होती’ म्हणणारे मी पाहिलेत. ऑडिटरही त्याच दुकानातून वह्या घेतो हो.

तुमच्या डायरीतली एक ओळ आहे: “१२ मार्च, रिपेअर, ८ तास.” ही ओळ मेलेली आहे. त्याच दिवसाचे तुम्ही पाठवलेले कागद जोडून मी ती अशी केली: “शनिवार, १२ मार्च २०२२. दुसऱ्या मजल्यावरच्या युनिटमध्ये सिंकखाली गळती. ९:१० ला ई-झेडपासची (टोलची) नोंद. ९:४५ ला हार्डवेअर दुकानाची पावती, पी-ट्रॅप आणि वॉशर. २:२० ला भाडेकरूचा मेसेज, पाणी थांबलं, आभार. परतीचा टोल २:५५. काम साडेचार तास, प्रवास वेगळा दाखवला आहे.” तास आठाचे साडेचार झाले, पण हे साडेचार कुणी काढून घेऊ शकत नाही. प्रवास वेगळ्या रकान्यात ठेवायचं कारण असं की त्यावर वाद होतात. टेक्सासमधल्या एका जोडप्याला २०१५ मध्ये टॅक्स कोर्टाने ऑस्टिनच्या घरांकडे जाण्या-येण्याचा वेळ धरू दिला आणि त्यामुळेच त्यांचे ७५० भरले. पण तो छोट्या दाव्याच्या पद्धतीतला निकाल आहे, पायंडा म्हणून वापरता येत नाही. म्हणून प्रवास धरून आणि न धरून, दोन्ही बेरजा तयार ठेवा.

बँकेची स्टेटमेंट चाळणं, इतर घरमालकांच्या जाहिराती बघणं, बाजारभावाचे व्हिडिओ असले ‘गुंतवणूकदाराचे’ तास ऑडिटर कापेल. तुमच्या डायरीत असे, आणि सिंकसारखे फुगवलेले, मिळून मला १९० तास दिसले. मी ते आपणच काढले. उरले १,१२०. आता मघाचा फरक आठवा: नोकरी १,२४० धरली तर तुम्ही हरलात, १,०९४ धरली तर ५०.६ टक्के काम घरांचं, म्हणजे निसटतं का होईना, निम्म्याहून जास्त. ती साठ तासांची रजा आणि तो भत्ता इथे कामाला आला. मात्र मार्जिन २६ तासांचं आहे, आणि घरून केलेलं नोंदणीचं काम धरलं की आणखी घटेल. तेव्हा हा किल्ला मजबूत आहे असं मी म्हणणार नाही. पंच रिपोर्ट हातात आल्याशिवाय तर अजिबात नाही.

पंच रिपोर्ट आला की करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम, जे जवळजवळ कुणीच करत नाही: नोकरीचे पंच आणि घरांची डायरी एकाच कॅलेंडरवर मांडा. मंगळवारी अकरा वाजता वहिनी युनिट रंगवत होत्या असं डायरी म्हणते आणि पंच म्हणतो त्या फार्मसीत होत्या, अशी एक टक्कर सापडली की ऑडिटर उरलेली डायरी फेकून देतो. माझ्याकडे आलेल्या एका केसमध्ये डायरीत जानेवारीचे दोन आठवडे रोज चार तास गटार आणि छपराचं काम होतं, आणि पासपोर्टवर त्याच दोन आठवड्यांचा मुंबई विमानतळाचा शिक्का. भाच्याचं लग्न होतं. डायरी लिहिताना लग्न विसरले! ती केस मी आयआरएसकडे नेलीच नाही. दावा मागे घेतला.

नवऱ्याने रविवारी केलेली कामं वहिनींच्या नावावर चढवू नका. वर म्हटलं तसं ती मटेरियल पार्टिसिपेशनला उपयोगी पडतील, तिथे त्याच्याच नावाने दाखवा. आणि २०२२ च्या किंवा त्याआधीच्या एखाद्या रिटर्नला पाचही युनिट्स एकच धरण्याचं निवेदन जोडलं होतं का ते शोधा. जोडलं नसेल तर प्रत्येक युनिटचा सहभाग वेगळा सिद्ध करावा लागतो. उशिरा जोडायची सवलत आयआरएसच्या २०११ च्या एका प्रोसिजरमध्ये आहे, तिच्या अटींत बसता का ते बघू.

हरलात तर काय? तोटा बुडत नाही. तो फॉर्म ८५८२ वर, म्हणजे पॅसिव्ह तोट्याच्या फॉर्मवर, पुढे सरकतो आणि पुढच्या पॅसिव्ह नफ्यातून किंवा ते घर परक्याला पूर्ण विकल्यावर सुटतो. भाड्याच्या तोट्यापैकी २५,००० डॉलरपर्यंत वजा करू देणारी, कमी उत्पन्नवाल्यांची सवलत तुम्हाला मिळणार नाही, दोघांचं उत्पन्न दीड लाखाच्या वर आहे. त्या वर्षाचा कर आणि व्याज भरावं लागेल, आणि वीस टक्के दंड मागतील. दंडाविरुद्ध लढायला हेच कागद लागतात: हिशोब मनापासून केला होता, सल्लागाराला सगळं सांगितलं होतं. खोटी डायरी पकडली गेली तर दंड पंचाहत्तर टक्क्यांचा आहे आणि तिथे माझ्यासारख्याचं काम संपतं, फौजदारी वकिलाचं सुरू होतं.

तारखा: ऑडिटरच्या कागदांच्या यादीला मुदतीत उत्तर द्या, मुदतवाढ हवी तर आधी मागा. त्याचं मत विरुद्ध गेलं तर आयआरएसच्याच अपील्स विभागाकडे जायला तीस दिवसांचं पत्र येईल. त्यानंतरही जमलं नाही तर ‘नोटीस ऑफ डेफिशियन्सी’, म्हणजे कर कमी भरल्याची औपचारिक नोटीस, आणि तिच्या तारखेपासून नव्वद दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज. हे नव्वद दिवस फोनवरच्या आश्वासनांनी वाढत नाहीत. वादातली रक्कम वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत असल्याने छोट्या दाव्याची पद्धत घेता येईल, पण तिच्यावर पुढे अपील नसतं.

फॉर्म २८४८, म्हणजे तुमच्या वतीने आयआरएसशी बोलायचा अधिकार मला देणारा फॉर्म, दोघांनी वेगवेगळा भरून आपापली सही करून पाठवा. वहिनींना म्हणावं, पंच रिपोर्टचा ईमेल उद्या सकाळी शिफ्टच्या आधी करा, आणि मला सीसीत ठेवा.